सीडी कॉम्प्युटरवर वाजते, बाबांच्या प्लेयरवर का नाही?

प्रश्न: बाबांच्या भजनांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या, एमपीथ्री करून सीडीवर टाकल्या. कॉम्प्युटरवर मस्त वाजतात, पण घरातल्या जुन्या सीडी प्लेयरमध्ये घातली की नुसतं 'नो डिस्क'! सीडी खराब आहे का?

उत्तर: सीडी बहुतेक ठणठणीत आहे हो, तुम्ही डेटा सीडी (नुसत्या फाईली साठवलेली) केलीत आणि प्लेयरला हवी ऑडिओ सीडी, इथेच बहुतेकांची गल्लत होते. जुन्या प्लेयरला फाईल वगैरे काही कळत नाही, त्याला सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला 16 बिटचा स्टिरिओ आवाज सरळ ट्रॅक म्हणून लिहिलेला लागतो. म्हणून बर्निंगच्या (सीडी लिहायच्या) सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिओ सीडी' निवडा, एमपीथ्री दिली तरी ते स्वतःच बदलून घेतं, पण एमपीथ्री करताना फाईल लहान व्हावी म्हणून जो आवाज गेला तो काही परत येत नाही. त्यामुळे खरं तर कॅसेटवरून घेतानाच वेव्ह (आवाज न दाबता ठेवलेली .wav फाईल) ठेवायची, मिनिटाला 10 एमबी जातात, जाऊ देत. आणि हो, कॅसेट प्लेयरची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनलाच (बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घ्यायच्या भोकात) लावा, माइकच्या भोकात लावली की आवाज फाटतो.

700 एमबीच्या डिस्कवर ऑडिओ सीडी म्हणून 80 मिनिटंच बसतात, म्हणजे नव्वदची कॅसेट असेल तर दोन सीड्या.

डिस्क सीडी-आरच (एकदाच लिहिता येणारी) घ्या, सीडी-आरडब्ल्यूवरून (पुसून पुन्हा लिहिता येणारी) प्रकाश कमी परततो म्हणून बरेच जुने प्लेयर ती वाचतच नाहीत. गजर रंगात आलेला असताना मध्येच 2 सेकंद शांतता नको असेल तर 'डिस्क अ‍ॅट वन्स' (अख्खी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा, त्यात डिस्क फायनलाइजपण (प्लेयरला वाचता यावी म्हणून बंद) होऊन जाते.