ग्वाल्हेरच्या बंद झालेल्या छोट्या लाइनवर चालण्या-सायकलीच्या वाटांचं जाळं होऊ शकतं का?

तुमचा प्रश्न असा: परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालायच्या आणि सायकलच्या वाटांचं मोठं जाळं झालं, तसं ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेजचं होईल का, आणि करायचंच तर आधी काय करावं?

होईल. सगळ्या मार्गाचं नाही, पण बऱ्याच भागाचं होईल. आणि आधी करायचं काम म्हणजे वाट बांधणं नव्हे. आधी ती पट्टी तुटू द्यायची नाही. रेल्वेच्या जमिनीची सारी किंमत तिच्या सलगपणात असते. सुटासुटा तुकडा पाहिला तर ती बारा-पंधरा फुटांची ओसाड जमीन, कुणाच्याही कामाची नाही. पण तीच वीस किलोमीटर अखंड असेल तर तशी दुसरी आज कोणत्याही भावाने मिळणार नाही. मध्येच कुणी शंभर फुटांवर भिंत घातली की अलीकडचे पाच आणि पलीकडचे पाच किलोमीटर, दोन्ही वाया.

मी लष्करची. लष्कर म्हणजे फौज नाही, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेला ग्वाल्हेरचा आमचा भाग. माझे आजोबा या लाइनवर गार्ड होते. शिंदे सरकारच्या नोकरीत लागले, 1951 साली संस्थानची रेल्वे मध्य रेल्वेत गेली, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. आमच्या घरात कुणी नॅरोगेज म्हणत नसे, 'छोटी लाइन' म्हणत. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. ही लाइन माधवराव महाराजांनी घातली. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवणारे तेच हे महाराज. गाडी जौऱ्यापर्यंत 1904 साली गेली आणि श्योपूरला 1909 साली पोहोचली. एकूण 199 किलोमीटर, आणि तेवढ्याला अख्खा दिवस जायचा.

माझी आत्या सबलगढला दिलेली. दिवाळीनंतर आजी मला घेऊन तिच्याकडे निघायची. डबा भरलेला असायचाच, छतही भरलेलं असायचं, आणि वर बसलेल्यांचे पाय आमच्या खिडकीसमोर लोंबत असायचे. आजी त्यातल्याच एखाद्या पायाला सांगायची, "बेटा, चप्पल संभाल, गिर जाएगी." वरून "जी अम्मा" असा आवाज यायचा आणि पाय वर ओढला जायचा.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. जागा रुंद रुळांच्या ब्रॉडगेजसाठी ठरली होती आणि ती गाडी जौरा-कैलारसपर्यंत आलीही आहे. याचं मला दुःख नाही. कैलारसच्या माणसाला ग्वाल्हेरच्या दवाखान्यात दोन तासांत पोहोचायचं असेल तर त्याला माझ्या आठवणींसाठी छोट्या गाडीत बसवून ठेवणं अन्यायाचं आहे. म्हणून वाटांचा विचार करताना ब्रॉडगेजशी भांडण नको. तिने न घेतलेल्या जमिनीचा विचार करायचा.

ती दोन प्रकारची आहे. एक म्हणजे शहरातली पट्टी. छोटी लाइन ग्वाल्हेर स्टेशनातून निघून किल्ला एका अंगाला ठेवत घोसीपुरा, मोतीझील, मिलावली असं करत बामोरगावकडे जायची. ब्रॉडगेज बिर्लानगर-रायरूच्या बाजूने गेली, त्यामुळे शहराच्या भरवस्तीतली ही पट्टी मोकळी राहिली. दुसरी जमीन म्हणजे पुढची सुटलेली वळणं. दोन फुटी गाडी कुठेही वळायची, ओढा आला की वळसा घालायची. ब्रॉडगेजला तेवढं आखूड वळण चालत नाही, म्हणून नवी लाइन सरळ जाते आणि जुना वळसा बाजूला पडतो. या तुकड्यांकडे आज कुणाचंच लक्ष नाही.

मोतीझीलच्या बाजूच्या पट्टीवर मी थंडीत सकाळी चालते. मागच्या वर्षी टेप घेऊन गेले होते. एके ठिकाणी भरावाचा माथा भरला बारा फूट दोन इंच. दोन सायकली समोरासमोर आणि बाजूने एक चालणारा, एवढं त्यात आरामात मावतं. परदेशातल्या अशा वाटासुद्धा साधारण दहा फुटांच्याच असतात. खडीत पाय घातला तर अजून डॉग स्पाइक, म्हणजे रूळ पक्के ठोकायचे खिळे, सापडतात, गंजून बोटाएवढे बारीक झालेले. पण मला सगळ्यात जास्त जाणवतो तो उतार. म्हणजे तो जाणवतच नाही. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून जुन्या लोकांनी सखल जागी माती भरली, उंचवटे खोदले आणि सगळा मार्ग जवळजवळ सपाट केला. माझा गुडघा दुखतो, किल्ल्याच्या उरवाई घाटीत मला दोनदा बसावं लागतं, इथे मी तास-दीड तास न थांबता चालते. म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीतली माणसं, दुधाचे दोन कॅन लावून पॅडल मारणारा दूधवाला, सगळ्यांना चालेल असा रस्ता शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी तयार करून ठेवलाय.

आता परदेशाचं. अमेरिकेत 1980 च्या कायद्यानंतर तोट्यातल्या लाइनी सोडून देणं रेल्वे कंपन्यांना सोपं झालं आणि त्या भराभर बंद होऊ लागल्या. पण तिथे पुष्कळ ठिकाणी कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हतीच, फक्त गाडी चालवण्याचा हक्क होता. लाइन सोडली की हक्क संपला, जमीन शेजारच्या शेतकऱ्यांकडे परत, आणि शंभर किलोमीटरच्या पट्टीचे दोनशे तुकडे. यावर 1983 साली तिथल्या संसदेने फार शहाणी तोड काढली. लाइन 'सोडली' असं समजायचंच नाही. ती रेल्वेसाठी राखून ठेवली आहे, उद्या गरज पडली तर पुन्हा रूळ घालता येतील, आणि तोपर्यंत लोकांनी तिच्यावरून चालावं. जमीनमालक कोर्टात गेले, पण 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. ज्या लाइनी अशा राखल्या गेल्या नव्हत्या त्यांच्या वाट्याला काय आलं ते वायोमिंग राज्यातल्या एका लाइनीबद्दलच्या 2014 च्या निकालात दिसलं: हक्क संपला, जमीन मालकाची.

मला वाटतं आपण तिथून उचलायची ती हीच कल्पना. आपल्याकडे जमीन बहुतेक रेल्वेच्याच नावावर असते, म्हणून मालकीचा तो घोळ नाही. वापरात नसलेली जमीन भाडेपट्ट्याने द्यायला रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आहे. आपला धोका वेगळा आहे, तो म्हणजे रोज थोडं थोडं सरकणारं कुंपण. गाडी थांबली तेव्हा आधी पट्टीवर गोवऱ्या थापल्या गेल्या, मग म्हशी बांधल्या गेल्या, मग चार पत्रे उभे राहिले. हे करणाऱ्यांवर मी रागावत नाही, जागा रिकामी दिसली की गरीब माणूस ती वापरणारच. राग येतो तो कागद फिरवणाऱ्यांचा. मी एका कार्यालयात अर्ज दिला होता, पट्टीची हद्द निदान दगड लावून आखा एवढीच मागणी. तो या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि चार महिन्यांनी 'संबंधित विभागाकडे पाठवला' असा शेरा घेऊन माझ्याकडेच परत आला. म्हणून म्हणते, सुंदर नकाशे, फरशा, कारंजी राहू द्या. आधी मोजणी, दगड, आणि 'ही पट्टी तुकड्यांत कुणालाही देणार नाही' असा एक लेखी ठराव.

सुरुवात मात्र लहान करावी. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामधली जुनी लाइन घ्या. 1979 च्या उन्हाळ्यात सायकलवाल्या स्वयंसेवकांनी फावडी घेऊन बाथच्या बाजूने पहिला आठेक किलोमीटरचा तुकडा केला. पूर्ण 21 किलोमीटर व्हायला 1986 उजाडलं. पण पहिल्या तुकड्यावरून लोक रोज कामाला जाऊ लागले आणि मग पुढचा तुकडा मागायला स्वयंसेवक एकटे राहिले नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा ही वाट तर 1960 च्या दशकापासून आहे, तीन बोगद्यांसकट. त्यातला एक किलोमीटरहून लांब आहे, तिथे सायकलवरून उतरून बॅटरी घेऊन चालत जावं लागतं, आणि लोक त्या अंधारासाठीच मुद्दाम जातात. म्हणजे जुनं बांधकाम जसं आहे तसं ठेवलं तरी तेच आकर्षण होतं. आपल्याकडे स्टेशनांच्या दगडी इमारती, सिग्नलचे खांब, ओढ्यांवरचे छोटे पूल आहेत. पुलावर लाकडी फळ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा घातला की काम झालं. हे सगळं भंगारात जाण्याआधी वाचवायला हवं.

न्यूझीलंडची ओटागोची वाट मला या सगळ्यांत जवळची वाटते. लाइन 1990 साली बंद झाली, रूळ उचलले गेले, 2000 साली 152 किलोमीटरची वाट खुली झाली. गाडी गेल्यावर जी गावं ओस पडत चालली होती तिथे सायकलवाले मुक्काम करू लागले, लोकांनी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला काढल्या, जुनी खानावळ पुन्हा चालू लागली. आपल्या छोट्या लाइनवरच्या सुमावली किंवा सेमई इथे हे घडताना मी डोळ्यांसमोर आणू शकते. बाजरीची रोटी, गूळ, ताजं ताक, अंगणात खाट.

तुम्ही 'जाळं' म्हणालात, आणि इथे बहुतेकांची कल्पना अडते, कारण मोकळे तुकडे एकमेकांना लागून नाहीत. पण जाळ्याचा प्रत्येक धागा रेल्वेचाच हवा असं कुठे आहे? अमेरिकेत पिट्सबर्गहून निघणारी 240 किलोमीटरची वाट कंबरलंडला संपते आणि तिथून पुढे वॉशिंग्टनपर्यंत एका जुन्या कालव्याच्या काठाने जाता येतं. आपल्याकडे चंबळचा उजवा कालवा आहे! कोट्याच्या धरणातून निघून श्योपूर, सबलगढ, जौऱ्याच्या मुलखातून तो येतो, आणि त्याच्या काठाने देखभालीची कच्ची वाट असते. छोट्या लाइनचे सुटलेले वळसे, मधल्या अंतरात कालव्याचा काठ, आणि जागोजागी ब्रॉडगेजची स्टेशनं. ग्वाल्हेरहून सायकल घेऊन गाडीने जायचं, संध्याकाळपर्यंत वाटेने परत यायचं. हे जाळं नकाशावर मी पेन्सिलीने ओढून पाहिलंय आणि ते जुळतं.

एक गोष्ट परदेशाकडून मुळीच उचलू नये. तिकडे ऊन ही चैन आहे, इथे एप्रिल ते जून पारा पंचेचाळिसाला टेकतो. सावली नसलेली वाट आमच्याकडे वर्षातले तीन महिने मेलेली असेल. म्हणून फरशीवर खर्च करण्याआधी झाडं लावा: कडुनिंब, करंज, शिसव. दर किलोमीटरला पाण्याचा मटका किंवा नळ. वाट बारीक खडी दाबून केलेलीच चांगली, डांबर नको, ते तापतं आणि मोटारसायकलींना आमंत्रण देतं. मोटारसायकली अडवायला तोंडाशी खांब घालावेच लागतील, पण दूधवाल्याची कॅन लावलेली सायकल आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवून. बायका संध्याकाळी एकट्या जाऊ शकतील इतके दिवे हवेत. आणि लाकडी स्लीपर जिथे कुजले आहेत तिथली माती तपासून घ्यावी, कारण जुन्या स्लीपरांना डांबरी तेल पाजलेलं असायचं.

शहरातल्या पट्टीवर हेरिटेज गाडी चालवावी असंही इथे बोललं जातं. इंदूरकडे पातालपाणी-कालाकुंडला 2018 पासून तशी चालते, आणि ती पाहायला मलाही आवडते. इथे जागा पुरत असेल तिथे गाडी आणि शेजारून वाट, दोन्ही करा. जागा एकाचीच असेल तर माझं मत वाटेला. पर्यटक वर्षातून एकदा येईल, पण घोसीपुऱ्याच्या पोरांना रोज शाळेत जायला ट्रकांच्या मधून सायकल काढावी लागते.

तुम्ही मूळचे पुण्याचे आणि डिसेंबरात ग्वाल्हेरला येणार असं प्रश्नात लिहिलंय. तर सकाळी सातला घोसीपुऱ्याला भेटू. टेप आणि वही मी आणते, तुम्ही फोन चार्ज करून आणा, म्हणजे पट्टी जिथे जिथे अडलीय तिथला फोटो जागेच्या खुणेसह घेता येईल. मोतीझीलपर्यंतच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. मिलावलीपर्यंत एकटीने जायची हिंमत अजून झालेली नाही, तेवढं आपण दोघं मिळून करू.