दृढीकरणाला कुठल्या संताचं नाव घेऊ?

प्रिय एलिशा,

तुझे तिन्ही प्रश्न नीट वाचले. दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करायच्या विधीसाठी, फॉर्मवर एका संताचं नाव लिहायचंय, वर्गातल्या मुली पटापट नावं ठरवतायत आणि तुला सुचत नाहीये, हा पहिला. देवाशी आपण सरळ बोलू शकतो तर मधे संत कशाला, हा दुसरा. आणि आजी रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर आज कोणाचा सण आहे ते का पाठवते, ही मराठी लोकांची पद्धत आहे की फक्त आजीची, हा तिसरा. बोलताना माझं अर्धं राहून जातं म्हणून लिहूनच काढते.

शेवटच्यापासून सुरू करते. फक्त आजीची नाही गं, अख्ख्या वसईची पद्धत आहे. आपण मराठी आणि कॅथलिक दोन्ही आहोत हे इथे डब्लिनमध्ये मराठी लोकांनाही कधीकधी नवीन वाटतं, पण आपल्याकडे 1534 मध्ये पोर्तुगीज आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर गेलेसुद्धा, श्रद्धा मात्र गावागावात तशीच राहिली, केळीच्या वाड्यांमध्ये, दारापुढच्या क्रूसापाशी, संध्याकाळच्या रोजरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत. माझी आजी म्हणजे तुझी पणजी लहानपणापासून लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत आली, त्यातलं फार काही कळायचं नाही, पण संतांच्या गोष्टी तिला सगळ्या पाठ होत्या, कारण त्या घरात आपल्या भाषेत सांगितल्या जायच्या. मिस्सा मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, जगभरच्या बिशपांच्या त्या मोठ्या सभेनंतर, म्हणजे 1962 ते 65 च्या पुढे.

त्यामुळे आमच्या घरात तारखा संतांवरून लक्षात राहतात. तुझा मामा कधी झाला विचार, आजी सांगेल सेंट अँथनीच्या नोव्हेनात. नोव्हेना म्हणजे सणाच्या आधीची नऊ दिवसांची प्रार्थना, आणि अँथनीचा सण 13 जूनला, म्हणजे नुकता पाऊस लागलेला, लोक शेतात पेरणीच्या घाईत आणि तरी संध्याकाळी छत्र्या घेऊन चर्चमध्ये हजर. काही हरवलं की आजी अँथनीला साकडं घालते ते तू पाहिलंयस, पण सापडल्यावर ती गरिबांसाठीच्या पेटीत पैसे टाकते ते बहुतेक पाहिलं नसशील. मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चावी सापडली, विषय संपला असं नाही, त्यातून कोणाच्या तरी पोटात भाकरी गेली पाहिजे. सेंट अँथनीची ब्रेड म्हणतात त्याला, जगभर चालते ही प्रथा.

आता एक गोष्ट जी मलाही बरीच उशिरा कळली. संताचा सण म्हणजे त्याचा वाढदिवस नाही, बहुतेक वेळा तो त्याच्या मृत्यूचा दिवस असतो, कारण चर्च म्हणतं की त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला. जन्मदिवस आपण पाळतो ते येशूचा, मरियामातेचा 8 सप्टेंबरला आणि योहान बाप्तिस्त्याचा 24 जूनला, ज्या दिवशी गोव्यात पोरं डोक्यावर फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. आणि हे मराठी माणसाला अजिबात परकं नाही, आळंदीला कार्तिकात गर्दी होते ती ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीच्या सोहळ्याला आणि देहूला तुकाराम बीज असते ती तुकोबा वैकुंठाला गेले त्या दिवसाची. माणूस शेवटपर्यंत कसा जगला ते बघून मगच त्याचा दिवस ठरवायचा, मला हे फार पटतं.

स्पेनमधली संत सिस्टर आविलाची तेरेसा तर अशा रात्री गेली की तारखेचीच गंमत झाली. 1582 मध्ये पोप ग्रेगरींनी कॅलेंडर दुरुस्त केलं आणि स्पेनमध्ये 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर आला, मधले दहा दिवस गायब, आणि ती नेमकी त्याच रात्री वारली, म्हणून तिचा सण 15 ऑक्टोबरला. ही तीच तेरेसा जिने आपल्या सिस्टर्सना सांगितलं की स्वयंपाकघरात काम पडलं तर वाईट वाटून घेऊ नका, देव भांड्याकुंड्यांतही वावरतो. रात्री उशिरा ओट्याशी उभी असते तेव्हा मला हे वाक्य खूप आधार देतं, खरंच सांगते.

पण तुला ज्याच्याबद्दल सांगायचंय तो गोन्सालो गार्सिया. तू म्हणालीस की शाळेत त्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही. साहजिक आहे, पण तो आपल्या वसईचा आहे, साधारण 1557 च्या सुमारास जन्मलेला, वडील पोर्तुगीज आणि आई तिथलीच, किल्ल्यात जेझुइट नावाच्या संघाच्या फादरांकडे शिकला आणि जेमतेम पंधरा सोळाचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने अशी उचलली की लोक त्याच्याकडे यायला लागले. त्याला जेझुइट व्हायचं होतं पण त्यांनी काही घेतलं नाही, इतकी वर्षं सेवा करूनही नाही. मग तो व्यापार करायला लागला, चांगला चाललाही, पण मन लागेना, शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला, मिस्सा करणारा फादर नाही हं, साधा ब्रदर. आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून परत जपानला गेला, थेट टोयोटोमी हिदेयोशीसमोर, जो तेव्हा जपानचा सर्वेसर्वा होता. मला त्याच्या मरणाइतकंच हे मधलं सगळं मोठं वाटतं, दार बंद झालं म्हणून तो कडवट झाला नाही, त्याला येत होती ती भाषा, तीच त्याने देवाच्या कामी लावली.

पुढे हिदेयोशी ख्रिस्ती लोकांवर उलटला. सव्वीस जणांना पकडलं, सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि बाकी सतरा साधे जपानी ख्रिस्ती लोक. डाव्या कानाचा तुकडा कापून गावातून फिरवलं आणि भर थंडीत जवळपास महिनाभर नागासाकीपर्यंत नेलं, तिथे निशिझाका टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 ला क्रूसावर मारलं. त्यांच्यात तीन मुलं होती. सगळ्यात लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा, म्हणजे आज तू आहेस तेवढा. त्याला म्हणे अधिकारी सोडायला तयार होता, श्रद्धा सोडलीस तर, तो नाही म्हणाला. आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी वडिलांबरोबर चालला होता, त्याने वाटेत आईला पत्र लिहिलं, त्यात तिला धीर दिला आणि धाकट्या भावांकडे लक्ष दे असं सांगितलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना, आणि आता तुझी आई म्हणून तर अजूनच नाही. 1862 मध्ये या सगळ्यांना संतपद मिळालं, गोन्सालो हा भारतात जन्मलेला पहिला संत. 5 तारखेला संत आगाथाचा सण असतो म्हणून यांचा 6 फेब्रुवारीला ठेवलाय. गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, पुढच्या वेळी नक्की जाऊ.

आता तुझा अवघड प्रश्न, मधे संत कशाला. मधे कोणीच नाही बाळा. देवाशी सरळच बोलायचं, येशूने शिकवलेली प्रार्थना सरळ बापाशीच बोललेली आहे. आराधना फक्त देवाची, संतांची नाही, हे पक्कं लक्षात ठेव. पण तू टेस्टच्या आदल्या दिवशी आजीला फोन करून सांगतेस ना, माझ्यासाठी प्रार्थना कर, तेव्हा तुला कुठे वाटतं की आजी मधे आली? संतांच्या लितानीत, म्हणजे एकेक नाव घेऊन म्हणायच्या प्रार्थनेत, आपण प्रत्येक नावानंतर तेच तर म्हणतो, आमच्यासाठी विनंती कर. आपली माणसंच आहेत ती, फक्त पुढे गेलेली. नुसतं मागत राहिलं तर मात्र सणाचा अर्थच जातो असं माझं ठाम मत आहे. सणाच्या दिवशी त्या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट उचलायची आणि त्या दिवसापुरती तरी करून बघायची. अँथनीच्या दिवशी कोणाला तरी खायला दे. गोन्सालोच्या दिवशी वर्गातल्या ज्या मुलीला इंग्लिश धड येत नाही तिच्याशेजारी बस.

आणि इथे आयर्लंडमध्ये हे सगळं आहेच की. इथल्या आरटीई टीव्हीवर संध्याकाळी सहाला घंटा वाजते तेव्हा तू चॅनल बदलतेस, ती आंजेलसची, म्हणजे मरियामातेच्या प्रार्थनेची घंटा आहे, वसईतही ती ऐकली की शेतातली माणसं हातातलं काम थांबवून उभी राहायची. आयर्लंडची संत ब्रिजिड 1 फेब्रुवारीची, तिच्यासाठी शाळेत तुम्ही लव्हाळ्याचे क्रूस विणता आणि 2023 पासून तिच्या नावाने सुट्टीही मिळते, म्हणजे ती आणि आपला गोन्सालो एकाच आठवड्यात येतात. मदर तेरेसा कोलकात्याला जायच्या आधी, अठरा वर्षांची असताना, 1928 मध्ये इथेच रॅथफार्नमच्या लोरेटो कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिश शिकायला आली होती, आपल्या बसच्या रस्त्यावरच म्हण ना. तिचा सण 5 सप्टेंबर.

तर नाव. मी सांगणार नाही कुठलं घे, खूप वाटतंय तरी. ब्रिजिड घेतलंस तरी मला आनंदच आहे, ही भूमीही तुझीच आहे. गोन्सालो घ्यायचं असेल आणि मुलाचं नाव कसं घेऊ असं वाटत असेल तर चर्चच्या कायद्यात तशी काही आडकाठी नाही, तरी टीचरना एकदा विचारून घे. फक्त छान वाटतं म्हणून घेऊ नकोस, आधी त्या संताची गोष्ट पूर्ण वाच, आणि त्याच्यासारखं एक तरी तुला करावंसं वाटतंय का ते बघ. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. ठरलं की आजीला तूच फोन कर आणि का निवडलं ते मराठीतच सांग, अडखळलीस तरी चालेल, ती शांतपणे ऐकून घेईल.

तुझी,
मम्मी