टेक्सासमधला क्लास रँक आणि पुण्याची गुणपत्रिका

"नववीत पुण्यात ८१ टक्के, इथे दहावीत सगळे ए, तरी मुलीचा रँक पहिल्या २५ टक्क्यांतही नाही" हे पुण्याहून टेक्सासला आलेल्या तुमचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. (क्लास रँक म्हणजे जीपीएवरून शाळेतल्या अख्ख्या इयत्तेत लागणारा नंबर.) आमच्याकडे हेच झालं होतं. एपी (कॉलेज-पातळीचे विषय), जीपीए (ग्रेडची सरासरी) वगैरे तुम्हाला एव्हाना पाठ असेल, ते सोडतो.

घोळ बहुतेक त्या ८१ मध्येच आहे. सीबीएसईच्या शाळेत नववीचे ८१ म्हणजे ए-२. इथल्या रजिस्ट्रारने (शाळेत गुणांच्या नोंदी ठेवणाऱ्याने) तोच आकडा उचलून टाकला की तो बी होतो, म्हणजे ३.०. वर परदेशी विषयांना ऑनर्सचं वेटेज, म्हणजे अवघड विषयांना मिळणारी जादा ग्रेड, नाही. आता हिशोब करा. अकरावीच्या शेवटी २१ क्रेडिट धरू. त्यातले नववीचे ७ सरासरी ३.० ने आणि इथले १४ सरासरी ४.८ ने, तर जीपीए ४.२. नववी गणनेतून वगळली तर ४.८. ६०० मुलांच्या वर्गात एवढ्या फरकाने शंभरावर नंबर सहज मागे जातात.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते रजिस्ट्रारचं ऑफिस. 'सिस्टिम असंच घेते' हे एकच उत्तर, तेही तोंडी. सिस्टिम काही घेत नाही, माणूस टाइप करतो. नियम डिस्ट्रिक्टच्या (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बोर्ड पॉलिसीत असतो. वेबसाइटवर 'ईआयसी (लोकल)' शोधा, क्लास रँकची पॉलिसी तीच. परदेशी गुण रँकमध्ये धरायचे की नुसतं 'पास' क्रेडिट द्यायचं, आठवीतला अल्जेब्रा मोजायचा की नाही, हे डिस्ट्रिक्टगणिक बदलतं. शेजारच्या गावातल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

पुण्याच्या शाळेकडून लेटरहेडवर ग्रेडिंग स्केल आणा (९१ ते १०० ए-१, ८१ ते ९० ए-२, असं), सही-शिक्क्यासह. मग काउन्सेलर आणि रजिस्ट्रार दोघांना एकाच ईमेलमध्ये पॉलिसीचं कलम दाखवून दुरुस्ती मागा. फोन करू नका, फोनचा पुरावा राहत नाही. नकार आला तर 'एफएनजी (लोकल)'खाली रीतसर तक्रार करता येते. तिला मुदत असते, म्हणून नकाराची तारीख जपून ठेवा. पॉलिसीतच परदेशी गुण जसेच्या तसे धरा असं लिहिलं असेल तर मात्र फार काही हलत नाही.

एवढी धडपड कशासाठी? न्यू जर्सीतले नातेवाईक 'रँकला कोण विचारतं' म्हणतील. त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. हार्वर्ड, राइससारखी खाजगी कॉलेजं रँककडे संदर्भ म्हणून बघतात. शाळा रँक देतच नसेल तर काउन्सेलर कॉमन अ‍ॅपच्या (अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जाच्या) स्कूल रिपोर्टमध्ये तसं नोंदवतो आणि त्यामुळे कुणी नाकारत नाही. टेक्सासमध्ये मात्र १९९७ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांना वरच्या १० टक्क्यांना आपोआप प्रवेश द्यावा लागतो. यूटी ऑस्टिनला (टेक्सास विद्यापीठाला) २००९ मध्ये अशा आपोआप प्रवेशांवर मर्यादा घालायची सवलत मिळाली. तिथला आकडा बरीच वर्षं ६ टक्के होता, २०२६ च्या फॉल प्रवेशापासून ५ टक्के आहे. ६०० च्या वर्गात ३० वी मुलगी आत, ४० वी सर्वसाधारण छाननीत. टेक्सास ए अँड एमला अजून १० टक्के चालतात.

ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये अर्ज करताना अकरावीच्या शेवटचा रँक धरतात, म्हणजे तुमच्या हातात फक्त पुढचं वर्ष. बारावीत केलेली कमाई इथे उपयोगाची नाही.

आणि आपोआप प्रवेश विद्यापीठात मिळतो, शाखेत नाही. यूटीत कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, मॅककॉम्ब्स (बिझनेस स्कूल) यांची निवड वेगळी होते. पाच टक्क्यांत असूनही हवी ती शाखा न मिळालेली मुलं दरवर्षी असतात. एसएटी किंवा एसीटी ही प्रवेश परीक्षा द्यायचीच आहे, यूटीने ती पुन्हा सक्तीची केली आहे. हायस्कूलच्या ग्रॅज्युएशन आराखड्यात 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल' लागते, त्यासाठी अल्जेब्रा टू हवा. ती नसेल आणि एसएटी-एसीटीचे ठरावीक किमान गुणही नसतील, तर रँक कितीही चांगला असो, हा कायदा लागू होत नाही.

वेटेजची एक विकृती सांगतो, पटो न पटो. सहा एपी पाच-पाचने आणि एक बँड चारने घेणाऱ्या मुलीचा जीपीए ४.८६. बँड सोडलेलीचा ५.०. म्हणून मुलं बँड सोडतात. माझ्या मते एका आवडीच्या विषयासाठी तेवढं नुकसान सोसावं, पण तुमची मुलगी सीमारेषेवर असेल तर हिशोब तुम्हीच करा. काही डिस्ट्रिक्टमध्ये असे विषय गणनेबाहेर ठेवायची सोय असते, तेही ईआयसीतच सापडेल.

व्हिसा आणि रहिवासी फी यांत मी पडत नाही, तो वकिलाचा विषय. आकडेही दरवर्षी विद्यापीठाच्या पानावर तपासा, ५ टक्के कायमचे आहेत असं धरू नका. वर्गात पहिली आली तर मात्र शाळेकडून 'हायेस्ट रँकिंग ग्रॅज्युएट'चं प्रमाणपत्र मागून घ्या. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात त्यावर पहिल्या वर्षाची ट्यूशन माफ होऊ शकते.