वस्तीतल्या मुलांना पत्रकारितेकडं वळवायचंय? व्याख्यान नको, आधी वही द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरातल्या एका वस्तीत तुम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवता, दहावी ते बारावीची दहा-बारा मुलं येतात, त्यातल्या चार-पाचजणांना लिहायची, बोलायची आवड आहे. तुम्ही पत्रकारितेचा विषय काढलात तर मुलं गप्प बसली आणि एका मुलीची आई म्हणाली, "पेपरवाले आमच्याकडं येतात ते पोलिसांच्या गाडीमागनंच." आता एखाद्या संपादकांचं व्याख्यान ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

व्याख्यान आत्ता नको. तासाभराच्या भाषणानं पोलीस भरतीची तयारी सोडून कुणी या धंद्यात येत नाही, आणि यावंही असं मला वाटत नाही. आधी त्या आईशी बोला, कारण ती खरं बोलतीय. भटक्या-विमुक्तांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा 1871 साली आला आणि 1952 साली रद्द झाला, तरी चोरीच्या बातमीत आरोपीच्या नावाआधी जमातीचं नाव लिहायची खोड आमच्या धंद्यातून अजून पुरती गेलेली नाही. मी बावीस वर्षं बातमीदारी आणि डेस्क, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या तपासून पान लावायचं काम, दोन्ही केलंय. रात्री साडेअकराला पान सोडायच्या घाईत अशा ओळी माझ्या हातूनही गेल्यात, त्याचं आजही वाईट वाटतं. डेस्कवर त्या वस्तीतलं कुणी बसलेलं असतं तर ती ओळ तिथंच कापली गेली असती. त्या आईला हे एवढंच सांगा. पटायला वेळ लागेल, लागू दे.

मुलांसाठी पहिली गोष्ट म्हणजे वही. साधी शंभर पानी.

जिल्ह्यातल्या एका लहान शहरात अकरावीतल्या मुलांसोबत मी हे केलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी निबंध लिहिले: 'आमच्या भागात पाण्याची भीषण समस्या आहे, प्रशासनाचे दुर्लक्ष झाले आहे.' म्हणजे पेपरात रोज असतं तेच. मी ते बाजूला ठेवले आणि सांगितलं, सात दिवस फक्त नळाची वेळ लिहा. मत नको, विशेषण नको. एका मुलीच्या वहीचं पान मला अजून दिसतं, पेन्सिलीनं लिहिलेलं:

सोम. 4.10 ला आलं, 4.50 ला गेलं. 11 कळशा.
मंगळ. 4.25 ला आलं, 4.45 ला गेलं. 6 कळशा.
बुध. 4.15 ला आलं, 4.40 ला गेलं. 7 कळशा.
गुरु. आलं नाही. आई कामाला गेली नाही.

तिला वाटलं होतं गुरुवारची ओळ चुकलीय, कारण तिथं वेळच नव्हती. ती खोडायला निघाली होती. मी म्हटलं, बाळ, हीच तुझी बातमी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे किती रुपये, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. मग शेजारच्या नऊ घरांत जाऊन तिनं तेच विचारलं, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठलं, आणि गल्लीच्या टोकाला दाब का पोचत नाही ते त्याच्याकडून समजून घेतलं. हे सगळं जमल्यावर मी तिला माहिती अधिकाराचा अर्ज शिकवला. कायदा 2005 चा. आपल्याकडं एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या घराला तेवढंही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न बसवणं हे बातमी लिहिण्याचं सगळ्यात चांगलं शिक्षण आहे, असं माझं ठाम मत आहे. बातमी दोन कॉलमी छापून आली. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या दोन बायका तिच्या दारात आल्या, "आमच्या गटारीचं पण लिही की" म्हणत. त्या दिवशी ती पत्रकार झाली असं मी धरतो.

ही मुलं कमी माहितीवर सुरुवात करतात असं समजू नका. ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावरची फूट-इंचांतली पातळी आम्ही तासातासाला देत होतो: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि त्या वेळी ती 55 च्याही वर गेली. पण अमुक फुटांना कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं हे नदीकाठच्या पोरांना तोंडपाठ होतं. अशाच एका पोरानं फोनवर दिलेल्या माहितीवर आम्ही दोन रात्री पान लावलं. त्याचं नाव बातमीत कुठं आलं नाही. यायला हवं होतं.

एक रविवार मोकळा काढा आणि मुलांना एसटीनं माणगावला घेऊन जा. हातकणंगले तालुक्यातलंच गाव, लांब नाही. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं, शाहू महाराजांनी त्याला अडीच हजारांची मदत केली, आणि 21-22 मार्चला माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तिथं महाराज स्वतः हजर होते. ज्यांना कुणी छापत नव्हतं त्यांनी स्वतःचं पत्र काढलं आणि त्याची एक नाळ आपल्या जिल्ह्यात आहे, हे पोरांना त्या जागेवर उभं राहून कळू दे.

आता पैशाचं. हे लपवलंत तर पालक पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. गावपातळीवरच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. तुटपुंजं मानधन असतं, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा कराव्या लागतात. ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याकडंच जाहिरात मागायची, असा तो फास आहे. मी ज्याला हौसेनं या धंद्यात आणलं त्या एका मुलाला एका कार्यालयात आठ महिने 'शिकतोयस ना' म्हणून बिनपगारी राबवलं. घरी भाकरीचा प्रश्न होता. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागला आणि परत आला नाही. लिहायचा फार सुंदर. तेव्हापासून माझा नियम आहे: बसभाडं आणि थोडेफार पैसे मिळत नसतील तर मूल तिथं पाठवायचं नाही. तुम्हीही पाळा.

म्हणून बारावीनंतर लगेच पत्रकारितेचा हट्ट नको. आधी कुठल्याही विषयाची पदवी, सोबत मोबाईलवर व्हिडिओ आणि आवाज नीट घेणं, मराठी टायपिंग आणि कामापुरतं इंग्रजी. पदवीनंतर शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहेच, आणि तिथली कमवा आणि शिका योजना या मुलांना मोठा आधार आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र, तिथं मराठी पत्रकारितेची पदविका होते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात. पण खरी अडचण कागदांची असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी. भटक्या-विमुक्तांच्या घरात जुने पुरावे शोधण्यातच वर्ष जातं. अकरावीतच सुरुवात करा. अभ्यासिकेतल्या प्रत्येक मुलाची एक फाईल करा, हे काम व्याख्यानापेक्षा दहापट मोलाचं आहे.

एखाद्या मुलीला वाद घालायची आवड असेल तर तिला कायद्याकडंही वळवा. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय. निकालपत्र वाचून ते सोप्या मराठीत सांगणारा माणूस आता इथंच लागणार, आणि असे बातमीदार जिल्ह्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतके आहेत.

सांभाळायच्या दोन गोष्टी. दारू, मटका, सावकारी, या विषयांवर शाळकरी मुलांना अजिबात पाठवू नका. लिहून ती त्याच गल्लीत झोपायला जातात. आणि अत्याचाराच्या प्रकरणातल्या लहान मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. हा कायदा पहिल्याच आठवड्यात शिकवा.

अजून एक. मुलं तयार झाली की पेपरवाले त्यांना 'वस्तीचे प्रतिनिधी' करून टाकतील. गटार, नळ, जयंती, पुण्यतिथी. सुरुवात तिथून होणं ठीक आहे, पण त्यांना साखर कारखान्याचा ताळेबंद वाचता आला पाहिजे, महापालिकेचं बजेट उलगडता आलं पाहिजे, आणि कुस्तीची फडातली बातमीही लिहिता आली पाहिजे. दर महिन्याला प्रत्येकाला वस्तीबाहेरचा एक विषय द्या. करवीर नगर वाचन मंदिरात नेऊन रोज दोन पेपर शेजारी ठेवून वाचायला लावा: एकाच घटनेत कुणाचं नाव आलं, कुणाचं गळालं, एवढंच वहीत लिहायचं.

नळाच्या नोंदी येत्या सोमवारपासून सुरू करा. सात दिवस झाले की पानांचे फोटो इथं टाका, मुलांची नावं झाकून. टाइप करायची गरज नाही, शुद्धलेखन सुधारूनही देऊ नका. मी एकेक पान वाचून खाली शेरा लिहीन.