दान गुपचूप करावं की नाव सांगून? आणि किती?

गुपचूप. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एखाद्या मुलाची फी भरायची तर थेट शाळेत भरा, वर्गात त्याचं नाव पुकारू देऊ नका. 12व्या शतकातले ज्यू विचारवंत मायमोनिडीज यांनी दानाच्या 8 पायऱ्या सांगितल्या. देणारा-घेणारा एकमेकांना ओळखतच नाहीत, ते दान त्यात वरून दुसरं. सगळ्यात वर आहे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला असं उभं करणं, की पुन्हा हात पसरावा लागू नये.

किती, तर आकडा आधीच ठरवा. इस्लाममधल्या जकात या धार्मिक दानात वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचे अडीच टक्के ठरलेले असतात. नाहीतर देणं मूडवर राहतं. मात्र कामगारांची मजुरी थकली असेल, तर देणगीआधी ती चुकती करा.