‘पित्या’ म्हणताना जीभ अडते तेव्हा

भाऊ, येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतलं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना तोंड कोरडं पडतं म्हणालास. माझंही पडायचं. आमचे दादा, म्हणजे वडील, जालन्याच्या मोंढ्यातून यायचे, मुकाट्यानं भाकर खायचे आन् भिंतीकडं तोंड करून झोपायचे. देवही मला कित्येक वर्षं तसाच पाठमोरा वाटायचा. चुकलं की चिडणार, नाही चुकलं की बघणारच नाही.

सुरुवातीला एवढंच कर:

१. बायबलातलं लूक १५:२० (लूकच्या पुस्तकाचा १५वा अध्याय, २०वं वचन) रोज वाच, सावकाश. घर सोडून गेलेला पोरगा परत येतोय, अजून लांब आहे तोच बाप धावत निघतो. गावात मान असलेला आपल्याकडचा एखादा म्हातारा धोतर सावरत, सगळ्यांदेखत पळतोय, असं डोळ्यांपुढं आण.

२. जीभ अडलीच तर ‘प्रभू’ म्हण, चालतं. बायबलातल्या स्तोत्रांत देवाला मेंढपाळ म्हटलंय, खडकही म्हटलंय.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथं: चर्चमध्ये राब राब राबून देवाची शाबासकी मिळवायला बघतो. मी तर सगळी बाकडी पुसायचो! आन् वडलांना आजच्या आज माफ करायचा जोर स्वतःवर लावू नको. ते पुढचं, चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) निवांत बोलून. आधी स्तोत्र २७:१० उघड. तिथं आईबापानं टाकलेलाच बोलतोय.