कपाटाएवढं कॅबिनेट घ्यावं का?

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्मे कॅबिनेटचेच (पीसीचे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा) निघाले, आणि तेही साध्या नाही, गुडघ्याच्या वर येणाऱ्या फुल टॉवरचे. रॅम आणि मॉनिटरवाल्यांनो, तुमची पत्रं जपून ठेवलीत, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, नवीन पीसी बनवतोय. मदरबोर्ड, प्रोसेसर ठरलं, ग्राफिक कार्ड मित्राकडून सेकंडहँड घेतोय (आसुस रॉग स्ट्रिक्स ४०९०). कूलिंगला ३६० चा एआयओ (प्रोसेसर पाण्याने थंड करणारा तयार कूलर) लावणार. कॅबिनेट मात्र एकदाच दणकून मोठं घ्यायचं, मग दहा वर्षं बघायला नको. कोर्सेअर १०००डी मनात भरलंय, दुसरा ऑप्शन फ्रॅक्टल डिफाइन ७ एक्सएल. मित्र म्हणतो जेवढं मोठं तेवढं थंड, डोळे झाकून घे. घेऊ का? — एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : डोळे झाकू नका, टेप काढा. मोजायची टेप.

मित्राचं म्हणणं ऐकायला पटतं, पण आत हवा किती मावते याला फार अर्थ नाही, ती किती वेगाने बदलते याला आहे. साधा १२० एमएमचा पंखा मोकळ्यावर मिनिटाला हजार-दीड हजार लिटर हवा ढकलतो. १०००डी साधारण १४८ लिटरचं आहे आणि डिफाइन ७ एक्सएल ८२ लिटरचं. म्हणजे तीन-चार पंखे नीट चालत असतील तर दोन्हीतली सगळी हवा काही सेकंदांत बदलून जाते, मग ८२ काय नि १४८ काय. खरा प्रश्न आहे हवा आत येते कुठून. डिफाइनचं दार पुढून बंद असतं, आतून आवाज दाबणारं अस्तर, हवा बाजूच्या फटींतून ओढायची. आवाज कमी पाहिजे त्याला हे मस्त, पण ४०९० एकटं ४५० वॅटपर्यंत जातं, तेव्हा पंखे जरा जोरात पळणार आणि मग अस्तराचा उपयोग काय राहिला? त्याच कंपनीचं २०२१ चं टॉरेंट बघा, जवळपास ७० लिटर, पुढे सरळ उघडी जाळी आणि त्यामागे १८० एमएमचे दोन जाडजूड पंखे. तिथे मोठेपणा कामाला लावलाय, मोठ्या पंख्याला जागा मिळावी म्हणून डबा मोठा केलाय. पण त्यात एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) वरती बसतो, छताला रेडिएटर (एआयओचा पाणी थंड करणारा भाग) लागत नाही, तुमचा ३६० तळाला किंवा पुढे लावावा लागेल; तळाला लावला तर रेडिएटर पंपाच्या खाली येतो, ते एआयओला चांगलं नाही, आणि पुढे लावला तर तेच दोन १८० चे पंखे काढावे लागतील. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच गेलं.

आता टेपचं काम. तुमचं कार्ड ३५७.६ एमएम लांब आहे, म्हणजे फूटपट्टीपेक्षा चांगलं पाच सेंटीमीटर जास्त. कॅबिनेटच्या बॉक्सवर समजा ‘४०० एमएमपर्यंत कार्ड’ लिहिलंय. तो आकडा बहुतेक वेळा पुढे रेडिएटर नसतानाचा असतो. एआयओचा रेडिएटर २७ ते ३० एमएम, त्याला पंखे २५ एमएम, ५२-५५ गेले, उरले ३४५. झालं, कार्ड बसत नाही. आणि ३६० चा रेडिएटर ३६० चा नसतोच, दोन्ही टोकांच्या टाक्या धरून साधारण ३९७ एमएम भरतो, ही गंमत पहिल्यांदा बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाला कळते, मला पण तशीच कळली, रात्री अकरा वाजता, सगळं खोलून झाल्यावर.

लांबी सगळे बघतात, रुंदी कोणी बघत नाही. आणि मी म्हणेन मोठं कॅबिनेट घ्यायचं खरं कारण रुंदीच आहे. हे कार्ड बोर्डापासून १४९ एमएम वर येतं, त्याच्या डोक्यावर ती सोळा पिनांची पॉवर केबल, आणि ती केबल कनेक्टरपासून निदान ३५ एमएम सरळ गेल्याशिवाय वाकवायची नाही असं सांगतात. २०२२ मध्ये हे कनेक्टर वितळल्याचे फोटो सगळीकडे फिरले होते ते आठवत असेल, त्यात कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे मोठं कारण निघालं, आणि कॅबिनेटची बाजूची काच दाबून केबल मुरगळली की तो अजूनच तिरका होतो. म्हणजे १४९ अधिक ३५, १८५ च्या आसपास जागा हवी. कॅबिनेटच्या माहितीत ही जागा थेट लिहिलेली नसते, पण ‘सीपीयू कूलर जास्तीत जास्त किती उंच’ असा आकडा असतो त्यावरून अंदाज येतो. १६५ लिहिलं असेल तर सोडून द्या. डिफाइन ७ एक्सएलला १८५ आहे, म्हणजे जमेल, पण काठावर.

बोर्ड ई-एटीएक्स (नेहमीच्यापेक्षा रुंद मापाचा) असेल तर अजून एक फसवणूक ऐका. खरा ई-एटीएक्स ३०५ बाय ३३० एमएम. पण २७५-२८० रुंदीच्या बोर्डालाही सर्रास ई-एटीएक्स म्हणतात आणि कॅबिनेटवाले पण ‘ई-एटीएक्स चालतो’ लिहून खाली बारीक अक्षरात २८५ पर्यंत म्हणतात. बोर्डाची रुंदी एमएममध्ये बघा, नावावर जाऊ नका.

आता १०००डी. २०१८ चं मॉडेल, ६९३ बाय ३०७ बाय ६९७ एमएम, रिकामं वजन २९.५ किलो, अमेरिकेत आलं तेव्हाच ५०० डॉलरचं होतं. हे बनवलंय कोणासाठी, तर पुढे शेजारीशेजारी ४८० एमएमचे दोन रेडिएटर, १८ पंखे, स्वतः पाइप वाकवून केलेलं पाण्याचं कस्टम लूप, आणि एकाच डब्यात मोठा बोर्ड आणि मिनी-आयटीएक्स म्हणजे छोटा बोर्ड असे दोन पीसी, एकावर गेम आणि दुसऱ्यावर स्ट्रीमिंग. त्यात तुम्ही एक बोर्ड आणि एक ३६० चा एआयओ लावणार म्हणजे मंगल कार्यालय बुक करून चार पाहुणे बोलावल्यासारखं आहे. शिवाय ७० सेंटीमीटर उंच वस्तू टेबलाखाली जाईल का? टेबल साधारण ७५ चं, त्यातून फळीची जाडी गेली, आणि गरम हवा वरून बाहेर पडणार ती थेट फळीवर आपटून परत आत.

दहा वर्षांचं म्हणाल तर तुमचा विचार अगदीच चुकीचा नाही. एटीएक्स हे बोर्डाचं माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं आणि बोर्डाची भोकं आजही त्याच जागी आहेत, चांगल्या पत्र्याचं कॅबिनेट तीन-चार बोर्ड सहज बघतं. म्हातारे होतात ते पुढचे पोर्ट. २०१२ च्या भारीतल्या भारी कॅबिनेटला टाइप-सी नाही. आणि आता सगळे कनेक्टर मागच्या बाजूला असलेले बोर्ड आलेत (आसुस त्याला बीटीएफ म्हणतं), त्यासाठी कॅबिनेटच्या ट्रेला (बोर्ड बसवायच्या पत्र्याला) वेगळी भोकं लागतात. दहा वर्षांचा हिशोब करत असाल तर ही भोकं आहेत का ते आधी बघा, बाकी आरजीबी (रंगीत दिवे) वगैरे नंतर.

तर तुम्हाला सल्ला : दोन्ही नको. पुढे जाळी, छताला ३६० सुखाने बसेल (रॅम उंच असेल तर रेडिएटर आणि रॅममधली फट नक्की बघा), पुढे रेडिएटर न लावता ४०० एमएम कार्डाची जागा, कूलरला १८५ किंवा जास्त, असं ६०-७५ लिटरचं काहीतरी. त्या मापात आता बऱ्याच कंपन्यांची कॅबिनेटं मिळतात. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन प्रत्यक्ष बघितलंत तर उत्तमच. बाजूचा पत्रा काढा, बोर्डाच्या ट्रेवर अंगठ्याने दाबा, वाकतोय का बघा. आतल्या कडांवरून बोट फिरवा (हळू!). फिल्टर एका हाताने निघतो का बघा, कारण ज्याला चार स्क्रू काढावे लागतात तो फिल्टर आपण वर्षभर धूत नाही. दुकानदार कटकट करेल, करू दे.

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती स्वतः कॉम्प्युटर जुळवणार म्हणते व त्यासाठी फक्त रिकाम्या डब्याचे पैसे ऐकून मी खाली बसलो. पत्र्याच्या डब्याला एवढे पैसे द्यावेत का? — एक पालक, कराड

उत्तर : काका, आधी मुलीचं कौतुक. स्वतः जुळवणाऱ्यांना त्यातून जे कळतं ते विकत आणलेल्या तयार मशीनमधून कळत नाही.

पैशाचं म्हणाल तर फरक असतो, पण एका पातळीपर्यंतच. स्वस्त डब्याचा पत्रा अर्ध्या एमएमचा, चांगल्याचा ०.८ ते १ एमएम, त्यामुळे हार्ड डिस्क फिरताना थरथर कमी आणि स्क्रूचे आटे दुसऱ्यांदा खोलल्यावर जात नाहीत. त्यापुढे जे पैसे जातात ते काच, दिवे आणि रुबाबाचे. एकच सांगा तिला, की ठरलेल्या एकूण पैशांतून आधी एसएमपीएस चांगला घे, कॅबिनेट त्यानंतर. साध्या डब्यात चांगला एसएमपीएस वर्षानुवर्षं चालतो, उलटं केलं तर रुबाबदार डब्यात धूर निघालेला मी बघितलाय. आणि ती जे मॉडेल म्हणतेय त्याच्यासोबत पंखे येतात का ते विचारा, बरीच महागडी कॅबिनेटं पंख्याविना येतात आणि मग सहा-सात पंख्यांचे वेगळे पैसे, तेव्हा तुम्हाला परत खाली बसावं लागेल.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरमध्ये येतोय. त्याच्याकडून १०००डी मागवू का? — ठाणे

उत्तर : भावाशी चांगलं चाललंय ना? विमानात चेक-इन बॅग साधारण २३ किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. हे बिनाखोक्याचंच जवळपास १७० भरतं आणि वजन साडेएकोणतीस. त्याच्याकडून पंखे मागवा.

प्रश्न : माझ्या फुल टॉवरची बाजूची काच साफ करायला काढली, फरशीवर उभी ठेवली आणि ती अक्षरशः फटाक्यासारखी फुटली. पडली पण नाही हो! कंपनी म्हणते तुमची चूक. आणि दुसरं, मे महिन्यात सात पंखे असूनही सीपीयू ९० च्या खाली येत नाही. कॅबिनेट खराब आहे का? — अकोला

उत्तर : काचेचं आधी. चूक तुमची, पण माहिती कोणी दिली नाही हे पण खरं. टेम्पर्ड काच वरून कडक असते, आत तिला ताण देऊन ठेवलेला असतो, आणि तिचा नाजूक भाग म्हणजे कड. आपल्या घरात सगळीकडे व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल, ती काचेपेक्षा कडक. कडेला तिचा एक बारीक टोचा बसला की सगळा ताण एकदम सुटतो आणि पूर्ण काचेचा चुरा. काच काढायची तर पलंगावर किंवा जुन्या गोधडीवर आडवी ठेवायची, फरशीवर उभी कधीच नाही. नवी काच मिळेपर्यंत बाजूला पुठ्ठा लावून चालवा, दिसायला कसंही दिसो.

आता मे महिना. पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. खोलीतच ३८-४० असेल तर आतलं सगळं तिथूनच वर चढणार. हिवाळ्यात खोली २० ला आणि सीपीयू ७० ला असेल तर फरक ५० चा, तोच फरक मेमध्ये ९०. म्हणजे कॅबिनेट तेवढंच काम करतंय, बदललीय खोली. म्हणूनच रिव्ह्यू बघताना नुसतं ‘६५ डिग्री’ बघू नका, खोलीच्या तापमानापेक्षा किती वर आणि आवाज सारखा ठेवून मोजलंय का ते बघा, गेमर्स नेक्सससारखी चॅनल तसं मोजतात. आणि हेही लक्षात घ्या की भारी पीसी गेम खेळताना ६००-६५० वॅट ओढतो तेव्हा ती सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते, दार लावून बसलात तर तो छोटा हीटरच झाला.

तरी एकदा पंख्यांची दिशा तपासा. उदबत्ती लावा आणि प्रत्येक पंख्याजवळ, फटींजवळ धरा (काचेच्या जागी पुठ्ठा आहे, सांभाळून). पुढून धूर आत, मागून-वरून बाहेर असं हवं. मला पैज लावायला आवडेल की सातपैकी एक तरी उलटा निघणार. आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जरा वरचढ ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही, जी येते ती फिल्टरवर अडते.

प्रश्न : मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, पाच वर्षांच्या हार्ड डिस्क पिशवीत पडून आहेत, दहा-बारा आहेत. त्या सगळ्या एकात बसतील असं काही? — कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला मात्र मोठंच लागणार. वरच्या धायरीच्या मित्राला मी जे नको म्हटलं तेच डिफाइन ७ एक्सएल तुमच्यासाठी एकदम बरोबर, त्यात १८ हार्ड डिस्कपर्यंत सोय होते. पण डिस्कचे सगळे ट्रे सोबत येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, मागवायच्या आधी ते मिळतायत का आणि केवढ्याला ते विचारा, नाहीतर मोठं घर बांधून आत कपाटं नाहीत अशी गत. डिस्कच्या अगदी समोर पंखे हवेत, आणि बारा डिस्क सुरू होताना एकदम जोर ओढतात तेव्हा एसएमपीएस काठावरचा नको. बोर्डावर साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) चार-सहाच असतात, बाकीच्यांसाठी एचबीए कार्ड (जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड) लागेल. स्क्रू मिसळू नका, साडेतीन इंचाच्या डिस्कला जाड आट्यांचा ६-३२ आणि एसएसडीला बारीक एम३, उलटा घुसवला तर आटे गेलेच.

आणि डिस्क बसवून झाल्यावर ते भरलेलं कॅबिनेट एकट्याने उचलू नका. फरशी पुसणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा की त्याच्याभोवती ओलं फडकं नको, एसएमपीएस खालून हवा ओढतो. चार इंचाचा लाकडी पाट करून घ्या सुताराकडून, चाकांचा नको, चाकांचा घेतलात की मावशी ढकलणारच.